अहवालात ‘हमिंगबर्ड’ लिहिले आहे : बाबांचा एमआरआय आणि मध्यमेंदूचा ऱ्हास

अंत्रुजकर | ४ जून, रात्री ९.४०

नमस्कार. माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत. फोंडा तालुक्यातल्या एका गावात ते शिक्षक होते आणि निवृत्तीनंतर देवळातल्या भजनाला पेटीची साथ करीत असत. तीन वर्षांपूर्वी राजांगणातून (घराच्या मधल्या चौकातून) सोप्यावर चढताना ते पाठीमागे कोसळले. पाय घसरला नव्हता, ठेचही लागली नव्हती. हात पुढे करून सावरण्याचा प्रयत्नसुद्धा न करता ते सरळ मागे गेले. पुढच्या सहा महिन्यांत असे आणखी चार वेळा घडले. त्याच सुमारास ताटातले नीट दिसत नाही, अशी त्यांची तक्रार सुरू झाली. आम्ही चष्मा दोनदा बदलला आणि एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही करून घेतली, तरी शर्टावर हुमण (माशांचे कालवण) सांडायचे ते सांडतच राहिले.

दोन वर्षांपूर्वी एका खाजगी इस्पितळात पार्किन्सन असे निदान झाले. तेव्हाच्या एमआरआयच्या अहवालात ‘वयोमानानुसार बदल, अन्य दोष नाही’ एवढेच होते. लिव्होडोपाच्या गोळ्या वाढवीत नेल्या, पण हाती काही लागले नाही. गेल्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा एमआरआय करायला सांगितला आणि त्याच्या अहवालात असे वाक्य आले : ‘मध्यमेंदूचा लक्षणीय ऱ्हास, हमिंगबर्ड चिन्ह उपस्थित, पीएसपीचा विचार करावा.’ पीएसपी म्हणजे प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सी, हे नंतर कळले.

डॉक्टरांची पुढची भेट दहा दिवसांनी आहे. तोवर मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. या चित्रात नेमके काय दिसते? पहिल्या वेळी ते दिसले नाही, म्हणजे तो अहवाल चुकला होता का? आणि नातेवाईक सुचवतात त्याप्रमाणे बाबांना बेंगळुरूला किंवा मुंबईला नेऊन पेट स्कॅन, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य टोचून करायचे चित्रण, करावा का?

बार्देशकर | ४ जून, रात्री १०.०५

या आजाराचे नाव मी आज प्रथमच वाचले. तुमच्या बाबांना आणि घरच्या सर्वांना धीर मिळो. येथे एक-दोन रेडिओलॉजिस्ट सदस्य आहेत; त्यांनी कृपया लक्ष द्यावे.

क्ष-किरण | ४ जून, रात्री ११.२०

मी रेडिओलॉजिस्ट आहे. तुमच्या बाबांची चित्रे मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे त्यांच्याविषयी मत देणे योग्य होणार नाही. परंतु त्या वाक्याचा अर्थ नक्की सांगू शकतो.

मेंदूचा देठ, म्हणजे मस्तिष्कस्तंभ, तीन भागांचा असतो. वर मध्यमेंदू, त्याखाली पॉन्स आणि सर्वांत खाली मेड्युला, जो पुढे मज्जारज्जूला मिळतो. डोक्याचा नाकाच्या रेषेत उभा छेद घेतला, म्हणजे बरोबर मधोमध कापल्यासारखे चित्र काढले, की हे तिन्ही भाग एकाखाली एक दिसतात. निरोगी माणसाच्या मध्यमेंदूची वरची कडा किंचित फुगीर असते. पीएसपीमध्ये मध्यमेंदू आकसतो, ती कडा सपाट होते आणि पुढे आत दबते. पॉन्स मात्र बराचसा जसाच्या तसा गुटगुटीत राहतो. मग मध्यमेंदू पक्ष्याच्या बारीक डोक्यासारखा, त्याचे पुढचे निमुळते टोक चोचीसारखे आणि पॉन्स पोटासारखा दिसू लागतो. यालाच हमिंगबर्ड चिन्ह म्हणतात. काही जण याच आकृतीला पेंग्विन म्हणतात. आडव्या छेदात मध्यमेंदूची पुढून मागची जाडी कमी झालेली दिसते आणि त्या आकृतीला मिकी माऊसच्या डोक्याची उपमा देतात.

उपमा लक्षात राहायला सोप्या असल्या तरी नजरेच्या अंदाजाला मोजमापाची जोड हवी. मधल्या उभ्या छेदात मध्यमेंदूचे आणि पॉन्सचे क्षेत्रफळ मोजता येते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात निरोगी व्यक्तींमध्ये मध्यमेंदूचे क्षेत्रफळ सरासरी सुमारे ११८ चौरस मिलिमीटर भरले, पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये सुमारे १०३ आणि पीएसपीच्या रुग्णांमध्ये फक्त ५६. पार्किन्सन आणि निरोगी यांत फरक थोडा आहे, पीएसपीत मात्र मध्यमेंदू निम्म्यावर आला आहे, हे त्यातून ध्यानात येते. २००८ साली इटलीतल्या संशोधकांनी यापुढे जाऊन एक निर्देशांक सुचवला. पॉन्सच्या क्षेत्रफळाला मध्यमेंदूच्या क्षेत्रफळाने भागायचे आणि लहान मेंदूला जोडणाऱ्या मधल्या व वरच्या देठांच्या जाडीच्या गुणोत्तराने त्याला गुणायचे. पीएसपीत वरचा देठही बारीक होत असल्याने हा आकडा वाढतो. त्या अभ्यासात १३.५५ ही सीमारेषा धरली होती, मात्र यंत्र आणि मोजण्याची पद्धत बदलली की अशा सीमा थोड्या सरकतात.

एक सावधगिरीही सांगतो. छेद बरोबर मध्यरेषेतून गेला नसेल, किंवा रुग्णाची मान कललेली असेल, तर धडधाकट मध्यमेंदूही बारीक दिसू शकतो. म्हणून एकाच चित्रावर विसंबू नये, शेजारचे छेदही पाहावेत. तुमच्याकडे सीडी असेल तर फिल्मपेक्षा तीच डॉक्टरांकडे न्या. फिल्मवर निवडक चित्रे असतात आणि त्यांवर मोजमाप नीट करता येत नाही.

पाखरू | ५ जून, सकाळी ७.१५

पक्षीनिरीक्षक म्हणून एक लहानशी भर घालतो. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतो, तो भारतात नाही. आपल्याकडे जास्वंदीवर आणि केळफुलावर येणाऱ्या ज्या इवल्या पक्ष्याला बरेच लोक हमिंगबर्ड म्हणतात, तो शिंजीर. शिंजिराची चोच खाली वाकलेली असते, तर हमिंगबर्डची बहुधा सरळ व लांब. त्यामुळे चित्रात वाकडी चोच शोधू नका.

अंत्रुजकर | ५ जून, रात्री ८.५०

क्ष-किरण, तुमचे आभार कसे मानावेत ते कळत नाही. आज कामावरून आल्यावर सीडी संगणकात घातली. आधी चुकीची मालिका उघडली, मग उभ्या छेदांची सापडली. एकेक चित्र पुढे सरकवत गेलो : कानाकडून नाकाकडे, डोळ्याचा गोल येतो आणि जातो, आणि मग अचानक मधोमध ते उभे राहते. चपटे डोके, पुढे टोक, खाली पॉन्सचे गोल पोट. दोन चित्रे पुढे गेलो की नाहीसे होते, मागे आलो की पुन्हा दिसते. तुम्ही शेजारचे छेदही पाहायला सांगितले होते म्हणून मोजले. सलग तीन चित्रांत ते आहे.

ज्या माणसाने मला अक्षरे गिरवायला शिकवली त्याच्या डोक्याचा आतला भाग असा पाहताना हात थरथरला, हे येथे लिहितो. पण तीन वर्षे ज्याला नाव नव्हते, त्याला निदान आकार तरी मिळाला.

पारिजात | ५ जून, रात्री १०.३०

अंत्रुजकर, तुमची अवस्था मी जाणते. माझ्या सासूबाईंच्या एमआरआयच्या अहवालात २०१९ साली ‘हॉट क्रॉस बन चिन्ह’ असे लिहून आले होते. आम्ही म्हापशाचे. गुड फ्रायडेच्या आधी बेकरीत क्रूस काढलेले गोड पाव येतात आणि शेजारची मावशी ते दरवर्षी आमच्याकडे पाठवते, त्यामुळे तो आकार समजावून सांगायची गरज पडली नाही. डॉक्टरांनी आडवा छेद दाखवला, तर पॉन्सवर अगदी तसाच पांढरा क्रूस उमटला होता. सासूबाईंचे निदान मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफी, म्हणजे एमएसए, असे झाले. उभे राहताच रक्तदाब कोसळणे, लघवीवरचा ताबा जाणे, चालताना झोकांड्या जाणे ही त्यांची लक्षणे होती. डोळ्यांची तक्रार मात्र नव्हती.

मला इतकेच सांगायचे आहे, की ही दोन नावे जवळजवळची वाटली तरी घरात करायची काळजी वेगळी असते. आम्हाला खाटेचे डोके उंच करावे लागले आणि सकाळी उठवण्याआधी पाणी पाजावे लागे. तुमच्याकडे पाठीमागे पडणे आणि खाली न दिसणे हाच मोठा धोका दिसतो.

क्ष-किरण | ५ जून, रात्री ११.१०

पारिजात यांनी योग्य वेळी योग्य मुद्दा आणला. एमएसएच्या एका प्रकारात पॉन्समधून आडवे जाणारे आणि लहान मेंदूकडे वळणारे तंतू झिजतात, तर वरून खाली जाणारे हालचालींचे तंतू टिकून राहतात. झिजलेले तंतू एमआरआयच्या टी-टू प्रकारच्या चित्रात उजळ दिसतात आणि त्यांचा क्रूस होतो. म्हणजे पीएसपीत मध्यमेंदू आकसतो व पॉन्स राहतो. एमएसएत पॉन्स आकसतो व मध्यमेंदू तुलनेने राहतो. दोघांची तुलना गुणोत्तराने का करायची, याचे कारण हेच आहे. मात्र क्रूसाचे हे चिन्ह काही आनुवंशिक विकारांतही दिसते. चिन्ह दिसले म्हणजे निदान झाले, असे दोन्हीकडे म्हणता येत नाही.

दूधसागर | ६ जून, दुपारी १.००

मी थोडे वेगळे बोलतो आणि ते मनापासून बोलतो, कोणी दुखावू नये. माझ्या काकांना हाच आजार होता. तीन एमआरआय झाले, एक पेट झाला, दोनदा मुंबई झाली. प्रत्येक वेळी मान ताठ झालेल्या माणसाला गाडीत घालून न्यायचे, यंत्रात आडवे करायचे, लाळ घशात साचून ठसका लागला की बाहेर काढायचे आणि पुन्हा आत ढकलायचे. शेवटी उपचार तोच : तोल सांभाळा, घास बारीक करा. ज्याच्यावर औषध नाही त्याची चित्रे काढून काय मिळवायचे? तो पैसा आणि ते कष्ट घरात कठडे बसवायला आणि एक चांगला माणूस सोबतीला ठेवायला लावावेत, असे माझे ठाम मत आहे.

नर्मदा | ६ जून, दुपारी ३.४५

दूधसागर, तुम्ही जे भोगले आहे त्याविषयी मला आदर आहे, पण या मताशी मी सहमत नाही. कारण माझ्या आत्याच्या बाबतीत चित्र नीट वाचले न गेल्यामुळेच संकट ओढवले असते.

तीही पडत असे, चालणे मंदावले होते, विसरही पडू लागला होता. एका इस्पितळात एमआरआयमध्ये मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या झालेल्या दिसल्या, तेव्हा डोक्यात पाणी साचले आहे, नळी बसवून ते पोटात उतरवू, असे आम्हाला सांगण्यात आले. शस्त्रक्रियेची तारीखही ठरली. माझ्या भावाने सीडी घेऊन दुसरे मत घेतले. त्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी आत्याला आपल्या बोटाकडे पाहायला सांगितले आणि बोट हळूहळू खाली नेले. आत्याचे डोळे खाली गेलेच नाहीत. मग त्यांनी तिला समोर एका जागी नजर ठेवायला सांगून तिचे डोके हलकेच वर उचलले, तेव्हा तेच डोळे खाली वळले. त्यानंतर त्यांनी उभा छेद उघडून मध्यमेंदू दाखवला. शस्त्रक्रिया टळली. आत्या पुढे चार वर्षे होती आणि ती वर्षे तिने डोक्यात नळी न वागवता काढली.

औषध नसले तरी नको ते उपचार टळतात, ही काही लहान गोष्ट नव्हे.

निर्मोही | ६ जून, रात्री ९.१५

मी न्यूरोलॉजिस्ट आहे. शिक्षण बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) झाले, सध्या राज्याबाहेर काम करते. धागा पहिल्यापासून वाचला. अंत्रुजकर यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून राहिले आहे.

नर्मदाताईंनी सांगितलेली तपासणी या आजाराच्या नावातच दडलेली आहे. डोळे वर-खाली फिरवण्याचा हुकूम ज्या पेशींमार्फत जातो त्या मध्यमेंदूच्या वरच्या भागात असतात, म्हणजे नेमक्या तिथे जिथे पक्ष्याचे डोके चपटे झालेले दिसते. डावी-उजवीकडे नजर फिरवणारे केंद्र पॉन्समध्ये असते आणि ते बराच काळ वाचते. म्हणून तुमच्या बाबांना समोरचा माणूस दिसतो, बाजूचा दिसतो, पण ताट आणि पायरी दिसत नाही. डोळ्यांचे स्नायू आणि त्यांना हलवणाऱ्या नसा शाबूत असतात. म्हणूनच डोके दुसऱ्याने हलवले की डोळे फिरतात. बिघाड त्या नसांच्या मुळाच्या वरच्या पातळीवर असतो आणि सुप्रान्यूक्लियर या शब्दाचा अर्थ हाच. चष्म्याने आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने फरक का पडला नाही, याचेही उत्तर यात आहे.

पहिला अहवाल चुकला होता का? सरसकट तसे म्हणता येणार नाही. या आजारात टाऊ नावाचे प्रथिन पेशींमध्ये साचते, पेशी मरतात आणि पुरेशा मेल्यावरच तो भाग बारीक झालेला डोळ्यांना दिसतो. पहिल्या एक-दोन वर्षांत एमआरआय जवळजवळ सामान्य असू शकतो. दुसरे असे की रेडिओलॉजिस्टला विनंतीपत्रात जे लिहून दिलेले असते त्याच्या उजेडात तो पाहतो. ‘पार्किन्सन’ एवढेच लिहिले असेल, तर गाठ, रक्तस्राव, पक्षाघात यांची शहानिशा होऊन अहवाल निघतो. ‘वारंवार पाठीमागे पडतात, नजर खाली जात नाही’ हे एक वाक्य लिहिले असते तर मध्यमेंदू मोजला गेला असता. ही जबाबदारी माझ्यासारख्या तपासणाऱ्या डॉक्टरांची आहे, हे मी कबूल करते. जुनी सीडी टाकून देऊ नका. नवी आणि जुनी शेजारी ठेवून मोजल्या तर दोन वर्षांत किती फरक पडला ते कळेल, आणि एका सुट्या चित्रापेक्षा तो फरक अधिक बोलका असतो.

पेट स्कॅनविषयी सांगायचे, तर ज्या तपासण्या डोपामिनच्या (हालचालींसाठी लागणाऱ्या मेंदूतल्या रसायनाच्या) मज्जातंतूंची टोके मोजतात, जसे ट्रोडॅट किंवा फ्लुरोडोपा, त्या पार्किन्सन आणि पीएसपी दोन्हींमध्ये बिघडलेल्याच येतात. त्यांनी या दोहोंत फरक करता येत नाही. ग्लुकोजचा वापर दाखवणाऱ्या एफडीजी पेटमध्ये पीएसपीत मध्यमेंदू आणि कपाळामागचा भाग मंद दिसू शकतो. जिथे लक्षणे आणि एमआरआय जुळत नाहीत तिथे त्याचा उपयोग होतो. टाऊ दाखवणारे पेट पीएसपीसाठी अजून संशोधनाच्या पातळीवर आहे. लक्षणे आणि एमआरआय एकाच दिशेला बोट दाखवीत असतील, तर केवळ खात्रीसाठी तुमच्या बाबांना पाचशे-सहाशे किलोमीटर नेण्याचा आग्रह मी धरणार नाही. डॉक्टरांकडे जाताना एक मात्र करा : बाबांना तीन टाळ्या वाजवायला सांगतील तेव्हा त्या मोजा.

अंत्रुजकर | ६ जून, रात्री १०.००

निर्मोही, टाळ्यांचे वाक्य वाचून मी थबकलो. गेल्या चतुर्थीला आरती संपल्यावर सगळे थांबले, तरी बाबा टाळ्या वाजवीतच होते. आम्हाला वाटले, भक्तीत तल्लीन झाले आहेत. आईने त्यांचे हात धरून थांबवले होते. आज त्यांना तीन टाळ्या वाजवायला सांगितले. त्यांनी सात वाजवल्या.

निर्मोही | ६ जून, रात्री १०.२०

सुरू झालेली हालचाल थांबवायला मेंदूच्या पुढच्या भागाची जी साखळी लागते, ती या आजारात कमकुवत होते. हे लक्षण इतर आजारांतही दिसते, म्हणून एकट्या टाळ्यांवर निदान करू नका. पण डॉक्टरांना हा प्रसंग जरूर सांगा.

साखळीकर | ७ जून, सकाळी ९.३०

एका गोष्टीबद्दल विचारतो. आमच्या परसात हनुमानफळाचे झाड आहे. अशा आजारांसाठी त्याच्या पानांचा काढा द्या, असा संदेश सर्वत्र फिरतो आहे. अंत्रुजकरांना पाने पाठवावीत काय?

निर्मोही | ७ जून, सकाळी १०.१०

साखळीकर, तुमची भावना चांगली आहे, पण कृपया पाठवू नका. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर पीएसपीसारख्या पार्किन्सनचे प्रमाण अनपेक्षितपणे अधिक असल्याचे १९९९ साली फ्रेंच डॉक्टरांनी मांडले आणि त्याचा संबंध याच फळाशी व त्याच्या पानांच्या चहाशी जोडला. या झाडात अॅनोनासिन नावाचे द्रव्य असते आणि प्रयोगशाळेत ते मेंदूच्या पेशींना घातक ठरते. फळ हेच कारण आहे, असे सिद्ध झालेले नाही. तरीही ज्याचा मध्यमेंदू आधीच झिजतो आहे त्याला हा काढा देऊ नये.

साखळीकर | ७ जून, सकाळी १०.२५

हे मला मुळीच ठाऊक नव्हते. ज्यांनी संदेश पाठवला त्यांनाही कळवतो.

बार्देशकर | ७ जून, सायंकाळी ६.४०

काल रात्री याविषयी वाचत बसलो होतो. १९६४ साली टोरांटोतल्या स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की या तिघांनी हा आजार स्वतंत्र म्हणून सविस्तर मांडला. तेव्हा एमआरआय नव्हताच. नजर, मान आणि पडणे पाहून, आणि मृत्यूनंतर मेंदू तपासून त्यांनी हे जुळवले. अमेरिकन गायिका लिंडा रॉनस्टाट यांना २०१३ मध्ये पार्किन्सन असल्याचे सांगितले गेले होते आणि २०१९ मध्ये ते पीएसपी असावे असे ठरले. म्हणजे निदान उशिरा बदलणे सर्वत्र घडते, त्यात अंत्रुजकरांच्या घरच्यांचा काही दोष नाही.

प्रमाण लाखात पाच ते सात असे दिले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची वस्ती साडेचौदा लाखांच्या वर होती. त्या हिशेबाने आपल्या राज्यात एका वेळी सत्तर ते शंभर माणसे तरी असावीत. त्यांपैकी किती जणांना आपल्या आजाराचे नाव ठाऊक असेल, हा विचार मनातून जात नाही.

दूधसागर | ७ जून, रात्री ९.००

नर्मदाताई आणि डॉक्टर निर्मोही, तुमचे म्हणणे मी दोनदा वाचले. चुकीची शस्त्रक्रिया टळली, हा मुद्दा मला मान्य आहे. एक चांगला एमआरआय व्हावा, तो नीट मोजला जावा, इथवर मी तुमच्याबरोबर आहे. पण निदान झाल्यावर दरवर्षी पुन्हा चित्र काढायला लावतात, त्याला माझा विरोध कायम आहे. आमच्या काकांचा तिसरा एमआरआय कशासाठी झाला हे आजही मला कोणी सांगू शकलेले नाही.

क्ष-किरण | ७ जून, रात्री ९.४०

दूधसागर, यात मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. लक्षणांत अचानक, अनपेक्षित बदल झाला, पडून डोक्याला मार बसला किंवा औषधाच्या चाचणीत सहभाग असेल, तरच पुन्हा चित्र काढावे. मेंदू आणखी किती आकसला हे पाहून घरच्या काळजीत बदल होत नाही. गिळताना ठसका लागतो का, हे पाहून होतो.

ज्यांना एमआरआय करायचाच आहे त्यांच्यासाठी काही सूचना लिहून ठेवतो. मागणी करताना मेंदूचा एक मिलिमीटर जाडीचा त्रिमितीय टी-वन चित्रांची मालिका मागावी, म्हणजे मध्यरेषा नंतरही अचूक लावता येते. केवळ ऱ्हास पाहण्यासाठी कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन सहसा लागत नाही. मान ताठ असेल तर तंत्रज्ञाला आधी सांगून उशी, गुंडाळलेला टॉवेल यांनी आधार द्यावा. आडवे झाल्यावर लाळ घशात येत असेल तर तेही आधीच सांगावे. आत जाण्यापूर्वी तोंड साफ करून घ्यावे आणि हातात तंत्रज्ञाला दाबून बोलावण्याचा फुगा द्यावा. झोपेचे इंजेक्शन देऊन काम लवकर उरकण्याचा मोह या रुग्णांत टाळावा, कारण श्वास आणि गिळणे दोन्ही आधीच नाजूक असतात. हृदयाचा पेसमेकर असेल तर तो यंत्रात चालतो का, याची खात्री आधी करून घ्यावी.

पारिजात | ८ जून, सकाळी ११.३०

अवघड असले तरी एक सांगते. आमच्या सासूबाईंच्या वेळी डॉक्टरांनी स्पष्ट म्हटले होते, की हयातीत होते ते ‘संभाव्य’ निदान. खात्री मेंदूच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच होते. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत मेंदूंचे जतन करणारी पेढी आहे आणि तिथले मेंदू-संग्रहालय सामान्य लोकही पाहू शकतात. आम्हाला ते उशिरा कळले. आज ना उद्या या घरांना हा प्रश्न पडतो, आणि शेवटच्या क्षणी विचार करायला अवसर मिळत नाही, म्हणून लिहिले.

अंत्रुजकर | १५ जून, रात्री ९.२०

काल भेट झाली. जुनी आणि नवी अशा दोन्ही सीडी नेल्या होत्या. तिथल्या रेडिओलॉजिस्टनी आमच्यासमोर दोन्ही शेजारी लावून मोजमाप केले. नव्या चित्रात मध्यमेंदूचे क्षेत्रफळ ६१ चौरस मिलिमीटर आले, जुन्यात ८४. म्हणजे दोन वर्षांपूर्वीही तो कमी झालेला होता, पण कडा अजून सपाट व्हायच्या बेतात होती, पक्षी झालेला नव्हता. जुन्या विनंतीपत्राची प्रत फाईलमध्ये सापडली; त्यावर ‘पार्किन्सन’ हा एकच शब्द होता. माझ्या मनात त्या पहिल्या अहवालाविषयी जो राग होता तो बराच निवळला.

निदान ‘पीएसपी, बहुतांशी खात्रीचे’ असे लिहिले आहे. पेट स्कॅन नको असे ठरले. लिव्होडोपा हळूहळू कमी करायचे आहे. घरी ताट चार इंच उंच चौरंगावर ठेवू लागलो, तर पहिल्याच दिवशी बाबा हुमण न सांडता जेवले. दोन्ही पायऱ्यांना कठडा बसवायला सुताराला सांगितले आहे. दूधसागर, हे तुमच्यामुळे लवकर झाले.

बाबांनी स्वतःच विचारले, “डोक्यात काय निघाले ते मला दाखव.” लॅपटॉप नेहमीसारखा मांडीवर ठेवला तर त्यांना दिसेना, मग तो दोन्ही हातांनी त्यांच्या डोळ्यांसमोर धरून उभा राहिलो. त्यांनी बराच वेळ पाहिले. आता त्यांचा आवाज जड झाला आहे, शब्द ओढल्यासारखे येतात. “चोच सरळ आहे,” म्हणाले, “शिंजीर नव्हे.” पाखरू, तुमचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला होता.

आता एकच विचारायचे आहे. कालपासून पाणी पिताना त्यांना ठसका लागतो आहे. गिळण्याची तपासणी कशी करतात आणि तिलाही यंत्रात आडवे व्हावे लागते का?

वाचा | १५ जून, रात्री १०.१५

मी वाचा व गिळणे यांची उपचारतज्ज्ञ आहे. आडवे व्हावे लागत नाही. बेरियम मिसळलेले पाणी आणि मऊ अन्न, रुग्णाला खुर्चीत बसवून, क्ष-किरणांच्या चलचित्राखाली गिळायला देतात; घास श्वासनलिकेत उतरतो का आणि कोणत्या घट्टपणाचे अन्न सुरक्षित जाते, हे काही मिनिटांत दिसते. तुमच्या न्यूरोलॉजिस्टकडून चिठ्ठी घ्या आणि या आठवड्यातच करून घ्या. तोवर पातळ पाणी एकदम देऊ नका, चमच्याने द्या, पाठ ताठ ठेवून बसवा आणि पेला उंच धरा, म्हणजे त्यांना तो दिसेल. प्यायला लावताना मान मागे टाकू देऊ नका.